तंजावरचे श्वार्ट्झ पाद्री आणि चाळीस नावांची यादी

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने दोन-चार पाने लिहायचीच, असा निरोप आला तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. सहली, गॅदरिंग, मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरे यांवर लिहिणारे आपल्या तुकडीत पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहितात. पण इतिहासाच्या सरांनी नववीत एक खोड लावून ठेवली. तिच्यामुळे नोकरीच्या काळात मी एका माणसाच्या मागे बरीच वर्षे लागलो होतो. त्या माणसाचे चरित्र सरांना सांगायचे राहून गेले. ते इथे लिहितो.

सरांची खोड तुम्हाला आठवत असेल. कुणी उत्तर देऊन खाली बसायच्या आत ते विचारायचे, कशावरून? पुस्तकात दिलंय असे म्हटले, की पुस्तक लिहिणाऱ्याला कशावरून कळले, हा पुढचा प्रश्न तयार. तंजावरच्या भोसल्यांचा भाग पुस्तकात जेमतेम अर्धे पान होता. व्यंकोजी, मग एकदम सरफोजी आणि सरस्वती महाल ग्रंथालय. मधल्या शंभर वर्षांत तिथे कोण राहत होते, असे कुणीतरी विचारले. सर म्हणाले होते, की ते सांगणारा कागद शोधायला हवा, आणि तो दरबारात सापडेलच असे नाही.

पुढे माझी बदली तिरुचिरापल्लीला झाली. रविवारी तंजावरला जायचे हा परिपाठ झाला. बृहदीश्वराच्या देवळाजवळ शिवगंगा तळे आहे, त्याच्या काठाशी एक जुने साधे चर्च आहे. लोक त्याला श्वार्ट्झ चर्च म्हणतात. आत संगमरवरात कोरलेले मोठे शिल्प आहे. पलंगावर एक वृद्ध पाद्री शेवटच्या घटका मोजत पडले आहेत, त्यांचा हात हातात घेऊन एक राजा उभा आहे, उशाशी दुसरे पाद्री आणि पायथ्याशी शाळेतली तीन मुले. शिल्पकार इंग्लंडचे जॉन फ्लॅक्समन. शिल्प करवून घेतले ते तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी, आणि पलंगाशेजारचा राजाही तेच. भोसले घराण्यातला एक राजा एका जर्मन पाद्र्याच्या मरणशय्येचे स्मारक परदेशातून घडवून आणतो, हे मला आपल्या अर्ध्या पानात कुठेच बसवता येईना.

ख्रिश्चन फ्रिडरिश श्वार्ट्झ यांचा जन्म ऑक्टोबर 1726 मध्ये ब्रांडेनबुर्गमधल्या सोनेनबुर्ग या छोट्या गावी झाला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. आई लहानपणीच गेली. जाताना तिने या मुलाला देवाच्या कामाला वाहिले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. विशीच्या सुमारास ते हाले या गावी शिकायला गेले. आउगुस्ट हेरमान फ्रांके यांनी तिथे अनाथाश्रम, शाळा आणि छापखाना असा मोठा संसार उभा केला होता. मद्रासकडे अनेक वर्षे काढून परतलेले बेंजामिन शुल्त्झे नावाचे वृद्ध मिशनरी तिथे होते. तमिळ बायबल छापण्याचा त्यांचा घाट चालला होता. त्या कामाला हात लावता लावता श्वार्ट्झ तमिळ शिकले. म्हणजे हिंदुस्थानात पाऊल टाकायच्या आधी, बर्फ पडणाऱ्या गावात बसून त्यांनी तमिळ अक्षरे गिरवली. 1749 मध्ये कोपनहेगनला त्यांना दीक्षा मिळाली आणि 1750 मध्ये ते त्रांकेबारला उतरले.

कोपनहेगन का, असा प्रश्न पडेल. त्रांकेबार, म्हणजे तरंगंबाडी, हे समुद्रकाठचे गाव डॅनिश लोकांकडे होते. 1620 मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून त्यांनी ते मिळवले. नायकांची गादी मराठ्यांकडे आल्यावरही डॅनिश लोक दरवर्षी तंजावरला पैसे भरून राहत होते. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेला झीगेनबाल्ग हा जर्मन तरुण 1706 मध्ये तिथे पोचला आणि हिंदुस्थानातले पहिले प्रॉटेस्टंट मिशन सुरू झाले. मुंबईला अमेरिकन मिशनरी आले ते 1813 मध्ये, त्याच्याही शंभर वर्षे आधीची ही गोष्ट.

या मंडळींबरोबर एक सवय आली: लिहून ठेवण्याची. जर्मनीतल्या लूथरपंथी गावांत पाद्र्याने चर्चची वही ठेवायची, जन्मलेल्याचा बाप्तिस्मा, लग्न, मरण, सगळे तिच्यात टिपायचे, अशी रीत सोळाव्या शतकापासून होती. इंग्लंडमध्येही 1538 पासून प्रत्येक पॅरिशला तसा हुकूम होता. प्रशियात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद 1874 मध्ये सुरू झाली. त्यामुळे त्याआधीच्या एखाद्या गावातल्या विणकराचे किंवा पाव भाजणाऱ्याचे घराणे शोधायचे, तर चर्चच्या वहीशिवाय गती नाही. तीच वही झीगेनबाल्ग यांनी कावेरीच्या मुखाशी आणली. त्रांकेबारच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी 1707 पासून सुरू होतात. पहिल्या नोंदीतली माणसे कोण होती? डॅनिश लोकांच्या घरांतले गुलाम. राजाच्या बखरीत त्यांना कोण जागा देणार होते?

वहीच्या जोडीला अहवाल होते. मिशनरी दर वर्षी हालेला पत्रे आणि रोजनिशा पाठवत. हालेचे लोक 1710 पासून ती छापून देणगीदारांना विकत. युरोपातल्या देणगीदाराला पैसे कशावर खर्च होतात हे कळायला हवे, म्हणून पाऊस, भाताचे भाव, लढाया, रोगराई, कुठल्या गावात कुठली जात राहते, सगळे लिहिले जाई. त्या पत्रांचे गठ्ठे हालेला आजही जपून ठेवले आहेत.

श्वार्ट्झ त्रांकेबारला बारा वर्षे होते. 1762 मध्ये ते तिरुचिरापल्लीला गेले. दुसऱ्याच वर्षी तिथल्या दारूच्या कोठाराचा स्फोट झाला, माणसे मेली, पोरे उघडी पडली. त्या पोरांसाठी श्वार्ट्झनी शाळा काढली. त्यांच्या आयुष्यात चर्च आणि शाळा कायम जोडीने येतात, आणि पुष्कळदा शाळा आधी येते. इंग्रज पलटणीचे पाद्री म्हणून कंपनीने त्यांना वर्षाला 100 पौंड लावून दिले. तो पैसा बराचसा याच कामांत गेला. लग्न केले नाही. भात आणि भाजी खाऊन राहत. तमिळ येतच होती. पुढे फारसी, हिंदुस्थानी, पोर्तुगीज आणि आपली मराठीही ते शिकले.

मराठीचे कारण तंजावर. 1769 मध्ये त्यांची तुळजाजी राजांशी पहिली भेट झाली. राजे टांगलेल्या पलंगावर बसले होते. बोलणे फारसीतून सुरू झाले, दुभाष्याची ओढाताण होऊ लागली, तेव्हा श्वार्ट्झनी तमिळमध्ये बोलायची परवानगी मागितली. राजांना हा माणूस आवडला. ते ख्रिस्ती झाले नाहीत, पण शेवटपर्यंत त्यांचा श्वार्ट्झवर भरवसा राहिला. 1773 मध्ये अर्काटच्या नवाबाने कंपनीच्या फौजेच्या जोरावर तंजावर घेतले, तुळजाजींना पदच्युत केले. 1776 मध्ये त्यांना गादी परत मिळाली. 1778 मध्ये श्वार्ट्झ तंजावरला कायमचे राहायला आले.

त्याच वर्षीची एक घटना मला त्यांच्या सगळ्या चरित्रात महत्त्वाची वाटते. मोठ्या लोकांच्या गोष्टींत ती एखाद्या ओळीत उरकतात.

तंजावरपासून तीनशे किलोमीटरांहून दूर, तिरुनेलवेलीला लागून पाळयंकोट्टै नावाची छावणी होती. श्वार्ट्झ तिथे इंग्रज शिपायांची लग्ने लावायला आणि मुलांचे बाप्तिस्मे करायला गेले. तिथे एक मराठी ब्राह्मण विधवा त्यांच्याकडे आली. मूळची तंजावरची. लिटलटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर ती राहत असे. त्याने तिला इंग्रजी शिकवली, ख्रिस्ती धर्माची ओळख करून दिली. तिने आधीही बाप्तिस्मा मागितला होता. लग्नावाचून एकत्र राहणाऱ्या बाईला तो देता येणार नाही, असे सांगून श्वार्ट्झनी नकार दिला होता. आता लिटलटन मेला होता. 1778 मध्ये श्वार्ट्झनी तिला बाप्तिस्मा दिला. नाव ठेवले क्लोरिंडा.

दोन वर्षांनी, 1780 मध्ये, पाळयंकोट्टैच्या मंडळीची पहिली यादी वहीत लिहिली गेली. चाळीस माणसे. त्यात निरनिराळ्या जातींचे लोक आहेत, बायका आहेत, मुले आहेत, नोकरमाणसे आहेत. यादीच्या अगदी वर या आपल्या मराठी बाईचे नाव आहे, आणि जात लिहिली आहे ब्राह्मण. तिरुनेलवेलीतल्या प्रॉटेस्टंट मंडळीचा इतिहास या यादीपासून मोजतात. पुढे लाखोंची झालेली ही मंडळी चाळीस नावांवर उभी राहिली आणि त्यात पहिले नाव तंजावरच्या मराठी विधवेचे, हे मला कळले तेव्हा मी खरोखर सरांना पत्र लिहायला बसलो होतो. ते पुरे झाले नाही.

या यादीतून काय काय कळते, ते थोडे सविस्तर सांगतो. छावणीच्या गावात किती जातींचे लोक एकमेकांच्या शेजारी वावरत होते, हे कळते. एरवी एका पंगतीला न बसणारी माणसे एका कागदावर आली, हे कळते. आणि जात मात्र नावाला चिकटूनच राहिली, हेही कळते. श्वार्ट्झ आणि त्यांचे सहकारी जातिभेदाला देवाचा नियम मानत नव्हते, पण चर्चमध्ये वेगवेगळ्या जातींनी वेगळे बसणे त्यांनी चालवून घेतले. कालांतराने सवय मोडेल, अशी त्यांची समजूत होती. ती इतक्या सहज मोडली नाही आणि पुढच्या शतकात तिच्यावरून मंडळ्यांत मोठी भांडणे झाली. जातीचा रकाना नसता, तर आज आपल्याला ही माणसे कोण होती ते समजले नसते. तो होता म्हणूनच भेद कागदावर पक्का झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यांची वजाबाकी करता येत नाही.

दुसरी गोष्ट क्लोरिंडेच्या नावाची. तिचे जन्माचे नाव कोकिळा होते, असे परंपरा सांगते. तिला सती जाताना लिटलटनने चितेवरून वाचवले, अशीही कथा आहे. अ. माधवय्या यांनी 1915 मध्ये तिच्यावर इंग्रजीत कादंबरी लिहिली, तेव्हापासून तिकडे सुशिक्षितांच्या तोंडी हेच चरित्र आहे. आता सरांचा प्रश्न विचारायचा: कशावरून? पहिल्या यादीत आहे ती क्लोरिंडा. आधीचे नाव तिथे नाही. चितेची गोष्ट म्हणजे नंतरच्या लोकांनी तिच्या आयुष्याला दिलेला रंग. श्वार्ट्झच्या हकिकतीतली बाई साधी आणि मला जास्त धीट वाटते. नवरा गेला, घर सुटले, परक्या माणसाबरोबर राहिली, पाद्र्याने एकदा परत पाठवले तरी पुन्हा गेली.

बाप्तिस्म्यानंतर ती स्वस्थ बसली नाही. स्वतःचा पैसा घालून आणि दोन इंग्रजांकडून मदत मिळवून तिने पाळयंकोट्टैला विटांचे चर्च बांधले. 1785 मध्ये श्वार्ट्झनी जाऊन ते उपासनेसाठी उघडले. गावातले लोक त्याला पाप्पात्ती अम्माळ कोविल, म्हणजे बामणीणबाईंचे देऊळ, म्हणतात. ते अजून उभे आहे. मुलांना शिकवायची सोय तिने केली. चांगला उपदेशक हवा म्हणून तिचा आग्रह चालूच होता. शेवटी श्वार्ट्झनी आपल्या हाताखाली तयार झालेल्या सत्यनाथन यांना 1790 मध्ये तंजावरला दीक्षा दिली आणि ते पाळयंकोट्टैचे काम पाहू लागले. ते काम वाढत वाढत आसपासच्या खेड्यांत गेले. वहीतली नावे चाळिसांवरून शेकड्यांवर आणि मग हजारांवर गेली. ताडीच्या झाडांवर चढणारे, शेतमजूर, विणकर, ज्यांच्याकडे जमिनीचा कागद नव्हता त्यांचा पहिला कागद म्हणजे चर्चच्या वहीतली ओळ.

श्वार्ट्झच्या आयुष्यातला जगाला माहीत असलेला प्रसंग म्हणजे हैदरअलीची भेट. 1779 मध्ये मद्रासच्या गव्हर्नरने त्यांना श्रीरंगपट्टणला पाठवले, हैदरच्या मनात काय आहे ते पाहायला. हैदरने त्यांचे आदराने स्वागत केले आणि प्रवासखर्चाला 300 रुपये दिले. श्वार्ट्झनी ते कंपनीकडे जमा करायला नेले, कंपनीने परत दिले, तेव्हा त्यांनी त्या पैशावर तंजावरला एका शाळेचा पाया घातला. तहाचे काही जमले नाही. वर्षभरात हैदर कर्नाटकावर तुटून पडला. पण त्याने आपल्या सरदारांना ताकीद दिली होती, की या पाद्र्याला कुठेही अडवू नका. कंपनी त्यांचा उपयोग करून घेत होती, हे उघड आहे. त्यांनाही ते समजले असणार. तरी ते गेले. या बाबतीत त्यांना भाबडे म्हणावे की नाही, यावर मी अजून ठाम नाही.

लढाईमागोमाग दुष्काळ आला. 1781 ते 1783 ही वर्षे तंजावरच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या विसरू नयेत अशी होती. किल्ल्यात धान्य नाही, बाहेर धान्य आहे पण बैल नाहीत. शेतकरी बैल द्यायला तयार नव्हते, कारण आधी नेलेल्या बैलांचे पैसे दरबाराने दिले नव्हते. राजाचा शब्द चालेना, कंपनीचा चालेना. श्वार्ट्झनी स्वतः जामीन राहून सांगितले, की पैसे मी देईन. बैल आले, धान्य किल्ल्यात पोचले, पैसेही चुकते झाले. शिवाय त्यांनी स्वस्ताईत तांदूळ घेऊन ठेवला होता. त्यातून रोज शेकडो लोकांना जेवण मिळे. त्या वर्षांतली भूक आणि मरणे आपल्याला कळतात ती बरीचशी मिशनच्या पत्रांतून. दरबारी मोडी कागदांत देणग्या, नेमणुका, कारखान्यांचे खर्च सापडतात. किल्ल्याच्या वेशीवर मेलेल्या माणसाचा त्यात हिशेब नसतो.

दुष्काळ सरल्यावर पुन्हा शाळा. रेसिडेंट जॉन सलिव्हन यांच्याबरोबर 1785 च्या सुमारास त्यांनी तंजावर, रामनाड आणि शिवगंगा इथे इंग्रजी शाळांची योजना चालवली. राजांनी आणि कंपनीने पैसा दिला. या शाळांत बहुतेक मुले हिंदू होती, तंजावरला त्यात मराठी घरांतलीही होती. मुलांना फसवून बाटवायचे नाही, हे श्वार्ट्झनी पाळले. पालकांनी मुले काढून नेली नाहीत, यावरूनही ते दिसते.

1787 मध्ये तुळजाजी वारले. मरणापूर्वी त्यांनी भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेतला दहा वर्षांचा सरफोजी दत्तक घेतला होता आणि त्याला सांभाळायची विनंती श्वार्ट्झना केली होती. श्वार्ट्झनी ती जबाबदारी स्वतःकडे न घेता राजांचे सावत्र भाऊ अमरसिंग यांच्याकडे द्यावी असे सुचवले. ही त्यांची चूक ठरली. पंडितांकडून दत्तक अवैध ठरवून घेण्यात आले, अमरसिंग स्वतःच गादीवर बसले आणि सरफोजीला अंधाऱ्या खोलीत जवळजवळ कोंडून ठेवण्यात आले. तो नीट शिकतही नव्हता. श्वार्ट्झनी मद्रासला पत्रामागून पत्रे पाठवली. 1793 मध्ये सरफोजीला तुळजाजींच्या राण्यांसह मद्रासला नेण्यात आले. तिथे गेरिके या पाद्र्यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. दत्तकाचा पुन्हा विचार झाला, तो वैध ठरला.

इथे एक सांगायला हवे. अमरसिंगांचे हे चित्र मुख्यतः श्वार्ट्झच्या पत्रांतून आणि कंपनीच्या कागदांतून आले आहे. त्यांची बाजू मांडणारा इतका बोलका कागद समोर नाही. ज्याने लिहिले त्याचा इतिहास झाला. तंजावरच्या गादीचा निवाडा पुढे कंपनीलाच सोयीचा ठरला, कारण 1799 च्या तहात सरफोजींनी राज्यकारभार कंपनीच्या हाती दिला. त्या वेळी श्वार्ट्झ हयात नव्हते.

सरफोजींच्या बरोबरीने श्वार्ट्झच्या हाताखाली वाढलेला आणखी एक मुलगा होता, वेदनायगम. तो तिरुनेलवेलीकडचा, 1774 चा जन्म. बारा वर्षांचा असताना श्वार्ट्झ त्याला तंजावरला घेऊन आले. पुढे तो तमिळमधला मोठा ख्रिस्ती कवी झाला, वेदनायगम शास्त्री म्हणून. सरफोजी राजे झाल्यावर त्यांनी आपल्या या गुरुबंधूला दरबारात मान दिला. एक राजा, एक कवी. एक हिंदू, एक ख्रिस्ती. एक मराठी, एक तमिळ. राजांनी सांगूनही गणपतीचे स्तवन लिहायला शास्त्रींनी नकार दिला, अशी आठवण त्यांच्याकडचे लोक सांगतात. तरी दोघांचे संबंध तुटले नाहीत. आपल्या मेळाव्यातही राजकारणावर भांडून पुन्हा एका ताटातली भजी खाणाऱ्या जोड्या आहेत, नावे घेत नाही.

श्वार्ट्झ 13 फेब्रुवारी 1798 रोजी तंजावरला वारले. अठ्ठेचाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत. सरफोजी अंत्ययात्रेला आले, शवपेटी बंद होण्यापूर्वी त्यांनी गुरूच्या देहावर जरीचे वस्त्र घातले, ते रडले. श्वार्ट्झचे दफन गावातल्या सेंट पीटर चर्चमध्ये आहे. फ्लॅक्समनचे शिल्प दुसऱ्या चर्चमध्ये, पहिल्यांदा जाणाऱ्याचा तिथे गोंधळ होतो. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. त्यांचे ग्रंथालय आपल्याला माहीत आहे. बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 मध्ये कोरवलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेखही पुष्कळांनी पाहिला असेल. त्यांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढून 1806 मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, हे कमी जणांना ठाऊक असते. अट्टल शाळामास्तराचा शिष्य राजा झाला, की पहिल्यांदा मुलांचे पुस्तक छापतो. 1826 मध्ये बिशप हेबर तंजावरला आले तेव्हाही सरफोजी आपल्या गुरूविषयीच बोलत होते.

पाळयंकोट्टैची यादी पुढे रॉबर्ट कॉल्डवेल यांच्या हाती आली. द्रविड भाषांचे तौलनिक व्याकरण लिहिणारे हेच ते कॉल्डवेल. 1881 मध्ये त्यांनी दोन पुस्तके काढली, एक तिरुनेलवेली जिल्ह्याचा इतिहास आणि दुसरे तिथल्या मिशनच्या जुन्या नोंदींचे. एकाच माणसाने एकाच वर्षी ही दोन कामे का केली, ते पुस्तके शेजारी ठेवून वाचली की समजते. शंभर वर्षांपूर्वीची चाळीस नावे त्यांनी ओळखत ओळखत पुढे नेली, कोण कोणाचा मुलगा, कोण कुठे गेला. क्लोरिंडेची कबर तिच्या चर्चच्या बाजूला आहे. मी गेलो त्या दिवशी तिथे मुले क्रिकेट खेळत होती.

आता आपल्या घरची गोष्ट. शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर आहे, आपल्या सगळ्यांची नावे त्यात आहेत. आपल्या तुकडीत निम्म्यांचा वाढदिवस 1 जूनला येतो, याचे कारण त्याच रजिस्टरात आहे: घरून तारीख सांगता आली नाही की गुरुजी 1 जून टाकून मोकळे व्हायचे. त्याच्यात जातीचा रकाना आहे, वडिलांच्या धंद्याचा आहे, शाळा सोडल्याच्या कारणाचा आहे. दोन वर्षांपूर्वी दाखल्यासाठी गेलो तेव्हा मी ते पाहिले. सुरुवातीच्या पुस्तकांची पाने कडेने विरली आहेत, एका ठिकाणी पाणी पडून शाई पसरली आहे. गावात धरणाचे काम चालू असताना बाहेरून आलेल्या मजुरांची मुले त्यात आहेत, बहुतेकांपुढे शाळा सोडण्याचे कारण एकच: स्थलांतर. आपल्याबरोबर दोन वर्षे बसलेली आणि मग न दिसलेली ती मुलगी, जिचे नाव मला आठवत नव्हते, ती तिथे सापडली.

मुख्याध्यापकबाईंशी बोलणे झाले आहे. मेळाव्याच्या दिवशी सकाळी कार्यक्रमाआधी तासभर कार्यालय उघडे राहील आणि रजिस्टरांच्या पानांचे फोटो काढायला त्यांची हरकत नाही. ज्यांच्याकडे चांगला कॅमेरा आहे त्यांनी आणावा. हात धुऊन यावे, पाने नाजूक आहेत.